पुलाआधीचा चहा

बडीशेपेचा वास आला की मला आरमोरीच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. मला पाहायला ब्रह्मपुरीकडून पाहुणे आले होते. आमच्या गडचिरोलीत दारूबंदी, त्यांच्या चंद्रपुरात दुकानं उघडी, आणि मध्ये फक्त वैनगंगेचा पूल. मुलगा, त्याचे वडील आणि काका, सगळेच बडीशेप चघळत आत आले. पोह्यांच्या बशा ठेवताना मी मान खाली घालूनच त्यांचे डोळे लाल आहेत का ते पाहून घेतलं. मामी हसत म्हणाली, “काऊन जी, घरून जेवूनच निघाले का?” वडील म्हणाले, “नाई बाई, सकाळपासून पोटात काईच नाई.” तेवढ्यात मुलगा म्हणाला, “पुलाआधी चहा घेतला न.” काका खाकरले, “गाडी गरम झाली होती, म्हणून थांबलो.” मामी म्हणाली, “तिकडून येणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्या पुलाआधी गरम होतात.” सगळे हसले, बाबासुद्धा. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला हळूच “नाही” म्हणाले. तो मुलगा खरंच दारू प्यायला होता का, ते मला अजूनही माहीत नाही. पण साध्या चहाबद्दल जिथे तिघांची तीन उत्तरं येतात, त्या घरात मी रोज कुणावर विश्वास ठेवला असता?