खळकाका आणि नाटककाराचं शेवटचं पान

माझ्या सख्ख्या काकांना गावात त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. खळकाका म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. गेली अडतीस वर्षं ते पुस्तकं बांधतात, आणि तीही पिठाच्या खळीने. रोज सकाळी काकू कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून खळ शिजवते आणि रोज सकाळी तेच म्हणते, "या घरात पीठ आधी पुस्तकांना, मग माणसांना."

बाजारात पांढरा गोंद आला त्याला जमाना झाला. मी एकदा हौसेने त्याचा डबा आणून दिला, तर काकांनी तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवला. अजून तिथेच आहे.

"गोंदाने चिकटवलेलं पुन्हा सुटत नाही," असं त्यांचं म्हणणं.

"मग चांगलंच की, काका."

"तुझं लग्न व्हायचंय, म्हणून तुला चांगलं वाटतं."

आत काकूने भांडं जरा जोरात ठेवलं.

काकांचा दुसरा नियम असा, की बांधणाऱ्याने पुस्तक वाचायचं नाही. वाचत बसलं की हात थांबतो. सातवीत शाळा सुटलेल्या या माणसाच्या हातून हजारो पुस्तकं गेली, पण वाचलेलं एकही नाही. आणि कोणाच्या पुस्तकातलं एक पानही कधी हरवलं नाही. या दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानाने सांगत. दोन्ही एकाच आठवड्यात मोडल्या.

मी आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. तिथल्या कपाटात एका गाजलेल्या जुन्या नाटकाची पहिली आवृत्ती आहे. गावच्या नाट्यगृहाला शंभर वर्षं होत होती, तेव्हा शनिवारी ती काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं. पण शिवण सुटून पुस्तकाच्या फक्त घड्या आणि सुटी पानं उरली होती. ग्रंथपालबाईंनी ती कापडात गुंडाळून माझ्या हाती दिली. "दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नाही," त्या म्हणाल्या. "तुझे काका आहेत म्हणून देतेय."

पुस्तकाच्या सुरुवातीला नाटककाराचं छोटं चरित्र होतं. ते त्याच्या मेव्हण्याने लिहिलेलं, त्यामुळे कौतुक बेताचंच. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'कर्त्याचे वडील पुस्तके बांधीत असत.' काकांची नजर त्यावर पडली आणि हातातली सुई हातातच राहिली.

बुधवारी मी गेलो तेव्हा काका ओटीवर बसून बोटाने ओळ धरून वाचत होते. नाटककार कचेरीत नकला उतरवायचा. कोरा कागद परवडत नाही म्हणून रद्द अर्जांच्या पाठीवर त्याने नाटक लिहिलं. साहेबाने दोनदा ताकीद दिली. तीन नाटक मंडळ्यांनी हस्तलिखित परत पाठवलं, चौथीने ठेवून घेतलं. तोवर हा अंथरुणाला खिळला होता.

"मग? बघितलं का त्याने स्वतःचं नाटक?" मी विचारलं.

"ते चरित्राच्या शेवटच्या पानावर असणार. तेच सापडत नाहीये," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

आम्ही खोली उलथीपालथी केली. दाबाच्या यंत्राच्या फळ्या काढल्या, कातरणांची टोपली पालथी केली. काकूने पिठाचा डबासुद्धा पाहून घेतला.

"अडतीस वर्षं," काका स्टुलावर बसत म्हणाले. "आणि गेलं तेही असलं पान. आता बाईंना कुठल्या तोंडाने सांगू?"

"काल इथून काय काय बाहेर गेलं?" मी विचारलं.

"शाळेचा हजेरीपट. तेवढाच." काकांनी डोळे मिटले आणि अंगठा तर्जनीवर चोळला. "पुठ्ठा वाकू नये म्हणून आतून एक जुना कागद लावतो मी, वरून अस्तर. कालचा कागद हाताला मऊ लागला होता रे. इतका मऊ कागद माझ्याकडे नाहीच."

उलगडा झाला. त्या पानाची मागची बाजू कोरी. काल वाचता वाचता काका चहाला उठले, शेवटचं पान सुटं म्हणून कोरी बाजू वर करून रद्दीशेजारी ठेवलं, आणि आल्यावर सवयीने उचलून हजेरीपटाच्या पोटात घातलं. वाचणाऱ्याने ठेवलं, बांधणाऱ्याने उचललं, आणि दोघांची गाठ पडली नाही.

शाळेच्या लिपिकाने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि हजेरीपट छातीशी धरला. "चालू हजेरी आहे, काका. बाहेर नेता येणार नाही. मुलांना काय सांगू, आज कोणीच आलं नाही?"

"नेत नाही. इथेच उघडतो."

"मधली सुट्टी संपेपर्यंत. वीस मिनिटं."

काकांनी लिपिकाच्या टेबलावर रद्दी पसरली, कोमट पाणी मागवलं आणि ओला फडका अस्तरावर ठेवला. मग नुसतं बसून राहिले. बाहेर पोरं ओरडत होती. लिपिक घड्याळाकडे बघत होता, मी काकांकडे. पांढरा गोंद असता तर हे अस्तर सुटलंच नसतं. दाराशी ठेवलेला डबा मला सारखा आठवत होता.

दहा मिनिटांनी काकांनी अस्तराचा कोपरा नखाने उचलला. तो आला. खालचा कागद हाडाच्या पातीने अगदी सावकाश सोडवला, साय काढावी तसा. पालथा केला. छापील ओळी जशाच्या तशा होत्या. छपाईची शाई तेलाची, पाण्याला दाद देत नाही.

काकांनी श्वास सोडला तो आठवडाभर कोंडल्यासारखा. लिपिकही खुर्चीत मागे रेलला. "वाचा की आता," तो म्हणाला, "इतकं भिजवलंत तर."

काकांनी बोट न लावता वाचलं. पहिल्या प्रयोगाला नाटककाराला मेव्हण्याने पाठीवर घेऊन नेलं होतं. 'जागा मागील रांगेत मिळाली. पुढे एक उंच गृहस्थ बसल्याने कर्त्यास नाटक दिसले नाही. ऐकू मात्र सर्व आले. परतताना तो म्हणाला, एकही शब्द गाळला नाही त्यांनी.'

"मग झालं," काका म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली. हजेरीपटाला नवं अस्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लावून दिलं.

शुक्रवारी बाईंनी पुस्तक काकांच्या आणि माझ्यासमोर पान न् पान मोजून घेतलं. चरित्राच्या शेवटी थांबल्या. "काका, सगळं पुस्तक पिवळं आणि हे एकच पान इतकं स्वच्छ कसं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. काका खोटं बोलत नाहीत, पण खरं सांगायची त्यांची एक पद्धत आहे.

"ते शाळेत जाऊन आलंय," ते म्हणाले, आणि सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी पुस्तक मिटलं. मग कपाटातून आणखी दोन सुटलेली पुस्तकं काढून काकांपुढे ठेवली. "ही पण जुनी आहेत," त्या म्हणाल्या. "वाचून झाली की बांधा."