बन्नीची पानं

नवरा उन्हाळ्यात गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तशी मी पुन्हा केलगेरीहून बस पकडून हुबळीला शिकवायला जाऊ लागले. लोक म्हणाले, कामात मन रमेल. मन कशातच नव्हतं, पण तिसरीच्या वर्गाला बाईंच्या मनाची काय पडलेली असते! आमची शाळा मराठी माध्यमाची, म्हणजे पाटीवर तेवढी. बाजारपेठेतल्या दुकानदारांची पोरं घरी मराठी बोलत आणि भांडण कानडीत करत. काहींच्या घरी उर्दू, काहींच्या घरी निव्वळ कानडी. कुणी मला बाई म्हणे, कुणी कानडीतलं अक्कोर. मी एक वाक्य मराठीत सांगे, मग तेच कानडीत, आणि उरलेलं पोरं एकमेकांना समजावून टाकत. त्या वर्षी माझं तोंड हे सगळं आपोआप करत होतं.

त्यातच एक नेपाळी मुलगी वर्गात आली. तिचे वडील कोप्पीकर रोडला गोबी मंचुरीचा गाडा लावत. मराठी शाळाच का, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, अक्षर हमारे जैसा है." कानडी अक्षरापुढे त्यांनी हात टेकले होते, आमची पाटी मात्र त्यांना वाचता आली होती. मुलगी फळ्यावरचं सुबक उतरवून घ्यायची, पण बोलायची नाही. कुठल्याच भाषेत नाही. मी गोंजारून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं, मग नाद सोडला.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ते चालेना. दसऱ्याच्या सुट्टीआधी त्यांनी बजावलं, "सुट्टीनंतरही तोंड उघडलं नाही तर तिला पहिलीत बसवायचं." पहिलीतली पोरं जेमतेम तिच्या खांद्याला लागत होती. तिथे बसवली तर वडील तिला शाळेतून काढून गाड्यावर भांडी घासायला नेतील, हे दिसतच होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी बरं म्हणाले आणि बस पकडली.

आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात आणि देताना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. सुट्टी संपली तरी पोरांच्या खिशात पानांचा चुरा असतोच. शाळा उघडली त्या दिवशी वर्गभर देवघेव चालली होती, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे वर्षभर सण नसतो, त्या घराला बन्नी देत नाहीत. हे त्या एवढ्याएवढ्या पोरांना ठाऊक होतं, उर्दूवाल्यांनाही.

नेपाळी मुलगी तेवढी उठली. टेबलाजवळ आली, मूठ उघडली आणि ते अख्खं वाक्य न अडखळता म्हणाली, अगदी हुबळीच्या हेलात.

"ए, बाईंना देऊ नको की गं!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली. "यंदा त्यांच्यात सण न्हाई!"

नेपाळी मुलीचा हात आखडला. आपलं काय चुकलं, तिला कळेना. मी तो हात धरला आणि म्हणाले, "परत म्हण." तिने परत म्हटलं, जरा हळू. मी पानं घेतली. वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंना सांगितलं, ती बोलली. पानांचंही सांगितलं.

"ते कानडीत झालं," त्या म्हणाल्या. "आपली शाळा मराठी आहे. मराठीत बोलली का?"

मला राग आला. नवरा गेल्यापासून भूक नव्हती, झोप नव्हती, कसलंच काही वाटत नव्हतं, आणि आता हा एवढा राग. "ती माझ्या वर्गातून कुठेही जाणार नाही!" मी म्हणाले. आवाज एवढा चढला की पोरं खिडकीशी गोळा झाली. मी थांबेना. मोठ्या बाई घाबरून म्हणाल्या, "बरं, राहू दे बाई, राहू दे तिला," आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. तोवर मला नवऱ्यासाठी रडू फुटलं होतं.