सात हजार तीनशे त्र्याण्णव

जुळत आलेला सौदा मोडण्यात आमच्या हिच्या थोरल्या भावाचा हात धरणारा माणूस पुण्यात नाही. मी बिबवेवाडीत जुन्या गाड्या विकतो. शून्यातून धंदा उभा केला तो जिभेच्या जोरावर. आणि हे दादा, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, समोर दिसेल त्या आकड्याला भागत बसतात. माझ्या दुकानाच्या पूजेला आले, पाटीवरचा फोन नंबर पाहिला आणि म्हणाले, "अहो, याला अकरानं भाग जातो." चेहरा असा, की जणू दुकानाला वाळवी लागली आहे!

त्यांची लाडकी संख्या सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा अंक खोडा, उरते तीही मूळ. पुन्हा खोडा, पुन्हा मूळ, थेट सातापर्यंत. अशी याहून मोठी संख्या नाही म्हणे. तिचे पहिले चार अंक नंबरप्लेटवर दिसले म्हणून या गृहस्थांनी गाडी घेतली. बॉनेट उघडून पाहिलं नाही!

काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली तरी गाडी चालवणं सुटेना. परवा दूधकेंद्राच्या पायरीवर चढवली. ही रडत म्हणाली, "कुणाच्या तरी अंगावर घालण्याआधी विका हो." मी येरवड्याचा एक व्यापारी गाठला आणि गाडी दाखवायला दादांच्या घराखाली आणला. त्याला नंबरातल्या अंकांची बेरीज नऊच हवी, ती शुभ म्हणे. या नंबरची येते बावीस, म्हणजे चार. "शेठ, चार चाकं, बेरीज चार, आणखी काय पाहिजे?" म्हणून तासभर घासून त्याला वळवला. तेवढ्यात दादा जिना उतरून आले.

"नऊचं काय कौतुक? बेरीज नऊ आली की संख्येला नऊनं भाग जातो. संपलं."

"माझ्या सगळ्या गाड्या नऊच्या आहेत, काका."

"मग सगळ्यांना भाग जातो. त्यात देवाचा हात नाही, शाळेतलं गणित आहे."

शेठ पाय आपटत गेला. मी ओरडलो, "दादा, तुम्हाला गाडी विकायचीय की शिकवणी घ्यायचीय?"

 ते गाडीच्या मागे जाऊन वाकले, नंबरप्लेटवर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "जरा वाचता का? मला आता काही दिसत नाही."

मी चिडूनच वाचला. "शेवटचा तीन झाका." झाकला. "किती उरले?"

"सातशे एकोणचाळीस."

"मूळ," ते म्हणाले. त्यांनी न सांगताच मी नऊही झाकला.

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "न्या. ज्याला हवी त्याला द्या." वर जाताना त्यांनी माझा खांदा धरला. माझा राग उतरला नव्हता. पण जिना मी एकेक पायरी थांबत चढलो, आणि त्यांना कळू नये म्हणून त्या शेठला शिव्या देत राहिलो.