तलावाच्या तळातली मॅच

त्या वर्षी सुरतेतला आमचा यंत्रमागाचा कारखाना महिनाभर बंद राहिला आणि मी गावी आलो. आठवीतून शाळा सोडून मागावर गेलेला माणूस मी. तेव्हापासून सलग चार दिवसांच्या वर गावात कधी राहिलो नव्हतो. दुष्काळामुळं साखर कारखान्यांना ऊसच मिळाला नाही, गाळप लवकर आटोपलं आणि तोडीला गेलेली माणसं माघातच परत आली. हाताला काम नाही, म्हणून सगळे क्रिकेट खेळत होते, तेही आटलेल्या तलावाच्या तळात. तेवढी सपाट जागा गावात दुसरी नव्हती.

आठवीत माझ्या शेजारी बसणारा दोस्त आता कॅप्टन होता. भावाच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "एक गडी कमी हाय. येता का?"

येता का! तरी मला इतकं बरं वाटलं की भाकर अर्धी टाकून उठलो. पंचवीस वर्षांत बॅट धरली नव्हती. गुडघा दुखत होता. पण मला एकदा त्यांच्यातला व्हायचं होतं. भावाच्या घरी प्रत्येक तांब्याला जीव दडपायचा; आपण आंघोळ केली, तर कुणाची राहिली असेल? मैदानात तरी कुणी मला पाव्हणा म्हणणार नाही, असं वाटलं.

स्टंप नव्हते. जनावरं विकली गेल्यावर दूध सोसायटीला कुलूप लागलं होतं. तिथले दोन कॅन उलटे ठेवले की दोन्हीकडच्या विकेटा झाल्या.

आधी आमची फिल्डिंग होती. एकाच्या पायातून चेंडू गेला तर दोस्त ओरडला, "काय बे, डोळे उसाच्या फडातच ठिवून आलास का?" सगळे हसले. पुढच्याच ओव्हरला माझ्या हातातून सोपा कॅच सुटला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिलो.

"असू द्या," दोस्त म्हणाला. "ऊन लई हाय."

आमची बॅटिंग आली. समोर खालच्या आळीची टीम, पण त्यांच्याकडंही गडी कमी, म्हणून दोस्त त्यांच्या बाजूनं फिल्डिंगला उभा राहिला. मी दोन धावा काढल्या असतील, तेवढ्यात बांधावरून टँकरचा हॉर्न वाजला. क्षणात मैदान मोकळं झालं. माझ्या मागचा विकेटकीपर कॅन उचलून पळाला. मी बॅट घेऊन उभा, मागं विकेट नाही, पुढं बॉलर नाही. मला कुणाचंच पाणी भरायचं नव्हतं.

मग मीही लंगडत पळालो. टँकर विहिरीत रिकामा केला होता आणि कडेला रेटारेटी चालली होती. वहिनी पोहरा ओढत होती. मी दोर धरला. तिनं सोडला नाही.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी."

"मी वढतो की."

"पाव्हण्याला पानी वढाय लावलं तर गाव थुकंल माज्यावर. बाजूला व्हा."

लोक बघत होते. मी दोर सोडला. तिनं पहिल्या पोहऱ्यातला तांब्या भरून माझ्याच हातात दिला. इतकी माणसं रिकामी भांडी घेऊन उभी होती आणि मी पीत होतो. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

पाणी भरून झाल्यावर मॅच पुन्हा सुरू झाली. आता बॉलर दोन पावलं चालून हळूच चेंडू सोडू लागला. तिसरा चेंडू मी मुद्दामच उचलला, सरळ दोस्ताच्या हातात. निदान आऊट तरी करा म्हणून. चेंडू त्याच्या ओंजळीत बसला. मी पाहिलं, आणि मग त्यानं ओंजळ उघडली.

"खेळा, खेळा तुमी."

एकजणही त्याला बोलला नाही. "दमलो," म्हणून मी बॅट खाली ठेवली. कुणी थांबवलं नाही. पुढचा गडी आला, त्याला पहिलाच चेंडू बरगडीवर आणि सोबत सणसणीत शिवी. तळभर हशा पिकला.

महिना संपायला आठ दिवस होते. रात्री जेवताना भावाला सांगितलं, कारखाना सुरू झालाय, उद्या निघतो. खोटं होतं. वहिनीनं भाकरी बांधून द्यायचं कबूल केलं. राहा, असं दोघंही म्हणाले नाहीत. रोजच्या दोन घागरी वाचणार होत्या, आणि मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.