खुरपं जमा करा

उत्खननावर पहिल्या आठवड्यात विद्यार्थी फारसं काही शिकत नाहीत. ते आपापली ट्रॉवेल सजवतात. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याच्या थापीसारखंच, पण लहान आणि टोकदार हत्यार. माती खरवडायला ते लागतं. आम्ही बोहरी आळीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानांतून थाप्या आणायचो, धारवाल्याकडून घासून टोकदार करून घ्यायचो आणि मुठीवर आपापली खूण करायचो. एकाने तापलेल्या सळईने आद्याक्षर डागलं होतं. एकीने मुठीला आईच्या साडीचा काठ गुंडाळला होता. आमच्यातल्या सगळ्यात सीनियर मुलाने जुन्या जीनचा खिसा शिंप्याकडून शिवून पट्ट्याला लटकवला होता. त्यात ट्रॉवेल, ब्रश, टेप आणि बडीशेपेची पुडी असायची. उत्खनन चालवणाऱ्या आमच्या सरांची ट्रॉवेल परदेशी होती, वर्षानुवर्षांच्या वापराने झिजून अर्धी झालेली. तिला मोच्याकडून बनवून घेतलेलं चामड्याचं म्यान होतं. दुसऱ्याच्या ट्रॉवेलला हात लावायचा नाही, हा नियम कोणी सांगितला नव्हता, पण सगळे पाळायचे.

माझ्या ट्रॉवेलच्या मुठीला लाल कापड होतं. वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. उरलेली पत्रकं आमच्या घरी ताटाखाली अंथरली जायची आणि मी वाचायला शिकले ती जेवता जेवता त्यांच्यावरच. मोर्चाच्या फलकातली एक पट्टी आणून मी मुठीला गुंडाळली. धार लावताना टोकाचा टवका उडाला होता आणि टोकाला दोन दात आले होते. नवी ट्रॉवेल घेता आली असती. पण मला ते दात आवडले. वाटलं, ही माझी ओळख.

मांजरी गावाच्या पलीकडे उसाच्या फडांना लागून एक पांढरं टेकाड होतं. खाली जुनी वस्ती होती. बिल्डरला तिथे इमारती उभ्या करायच्या होत्या आणि त्याआधी खणून घ्यायला आम्हाला मार्चअखेरपर्यंत मुदत होती. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवरून मी सकाळी निघायचे आणि संस्थेच्या जीपने आम्ही विद्यार्थी तिथे जायचो. माती वाहायला जवळच्या गावातल्या बायका होत्या. त्यांतल्या एका मावशींनी येताना कमरेला स्वतःचं खुरपं खोचून आणलं होतं. त्यांच्या घरची शेती विकली गेली होती, निंदणीचं खुरपं तेवढं उरलं होतं. पातं झिजून कागदासारखं झालेलं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मावशींचं मनगट एकदा मोडून वाकडं बसलं होतं, म्हणून त्यांनी लोहाराकडून खुरप्याची मान तेवढ्याच कोनात वाकवून घेतली होती. आमच्या सगळ्या नक्षीकामाला कारण नव्हतं. त्यांच्या प्रत्येक खुणेला होतं.

दुसऱ्या आठवड्यात घमेलं भरायला खड्ड्यात उतरल्या असताना मावशी कोपऱ्यात खुरपं टेकवून थांबल्या. म्हणाल्या, "इथं भुई हाय. भराव भसभस वाजतो, ही करकर वाजती." सरांनी स्वतः खरवडून पाहिलं. खाली सारवलेली भुई होती, चुलीच्या राखेसकट. त्या दिवसापासून मावशी खड्ड्यात आमच्याबरोबर बसून खणू लागल्या. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'भुई मिळाली.'

मी विचारलं, "सर, कोणाला मिळाली?"

"मिळाली म्हणजे मिळाली. देवाने दिली असं लिहू का?"

मग ती संध्याकाळ आली. सकाळी भुईचा फोटो काढायचा होता आणि माझ्या वाट्याचा तुकडा साफ करायचा राहिला होता. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी घाई केली. टोक भुईत रुतलं आणि वीतभर ओरखडा निघाला. मी त्यावर चिमूटभर माती दाबली आणि सकाळी नीट करू म्हणून वर चढले.

सकाळी आमची जीप पोचेपर्यंत, फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून, मजुरांनी भुईवर पाणी शिंपडून ठेवलं होतं. माझी माती वाहून ओरखडा काळा होऊन वर आला होता.

"हे कोणाचं कर्तृत्व?" सरांनी विचारलं.

सीनियर म्हणाला, "सर, खुरप्याचं असणार. आमच्या हातून असं होत नाही."

"माझं न्हाई ते," मावशी म्हणाल्या. "माझं खुरपं असं भुई खात न्हाई."

"मावशी, वाद नको," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढत नसे. "चूक माझीच. शेतातली हत्यारं इथे येऊ द्यायला नको होती. आजपासून मजुरांनी आपापली हत्यारं स्टोअरमध्ये जमा करायची. आणि आपण खणलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर जा, ढेकळं फोडायला."

मावशींनी खुरपं जमा केलं. माझी ट्रॉवेल मागच्या खिशात होती, टोक खाली करून. मी ती बाहेर काढली नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी पत्रक लिहिलं. श्रमिकाचा त्याच्या हत्यारावरचा हक्क. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. मेसचा डबा उघडत असलेल्या रूममेटला वाचून दाखवलं. ती कॉमर्सची, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छान आहे. पण ओरखडा काढला कोणी?"

दोन पानांत ते कुठेच नव्हतं. मला वडिलांची पत्रकं आठवली. त्यांतही सगळा दोष नेहमी पलीकडच्या माणसाचा असे. पत्रक मी फाडलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं.

"प्रामाणिकपणा चांगला. नोंदवहीत लिहा, प्रशिक्षणार्थीकडून किरकोळ हानी."

"मग मावशींना परत खड्ड्यात घ्या, सर. त्यांचं खुरपं परत द्या."

"नियम मी मावशींसाठी केला नाही, साइटसाठी केला. तुमच्या सदसद्विवेकबुद्धीच्या वेळापत्रकाप्रमाणे तो बदलायचा का?"

"मग माझी ट्रॉवेलही जमा करून घ्या."

"ती तुमची स्वतःची आहे."

"खुरपंही त्यांचं स्वतःचंच आहे."

"तुम्ही विद्यार्थी आहात," सर म्हणाले आणि चहाकडे वळले.

मला कोणी अडवलं नव्हतं. ट्रॉवेल स्टोअरच्या टेबलावर टाकून मीही ढिगाऱ्यावर जाऊन बसू शकले असते. पण माझा प्रबंध याच खड्ड्यावर होता. मी खड्ड्यात उतरले.

जेवणाच्या सुट्टीत मावशींजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, तो ओरखडा माझा होता."

"म्हाईत हाय." त्या भाकरी मोडत होत्या. "दोन रेघा व्हत्या. तुझ्याच टोकाला दोन दात हायेत."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत व्हते." त्यांनी चटणीची पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. "खा. रडून माझं खुरपं मिळत न्हाई."

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या भुईच्या खालचा थर खणला. मुदत संपत आली होती. आम्ही चौघं विद्यार्थी होतो, प्रत्येकाच्या हातात स्वतःची, स्वतःच्या खुणेची ट्रॉवेल होती, आणि माती भसभस वाजते की करकर हे चौघांपैकी एकालाही कळत नव्हतं. घमेली भरून वर जात होती. चार वाजता मावशी ढिगाऱ्यावरून उतरून खड्ड्याच्या काठाशी आल्या. दोन्ही हातांत एक ढेकूळ होतं. त्यांनी ते उलटं केलं. एक बाजू गुळगुळीत होती, सारवलेली, तिच्यावर बोटांचे अर्धगोल.

"सकाळपासून अशी सोळा निघाली," त्या सरांना म्हणाल्या. "खाली अजून एक घर व्हतं. या पोरांनी भुई खणून वर धाडली."

सरांनी ढेकूळ हातात घेतलं, उन्हात धरलं आणि बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं. मग ते त्यांनी नीट काठावर ठेवलं.

"मावशी, जागेवरून हललेल्या, ढिगाऱ्यात सापडलेल्या गोष्टीला आमच्या शास्त्रात अर्थ नसतो."

"आसं व्हय," मावशी म्हणाल्या, आणि घमेलं उचलून परत गेल्या. त्यांची सुट्टी साडेपाचला होती.

नोंदवही त्या दिवशी माझ्याकडे होती. सरांनी सांगितलं, "लिहा, या थरात भुई आढळली नाही." मी लिहिलं, 'भुई होती. आम्हाला ओळखता आली नाही. ढिगाऱ्यावर मावशींनी ओळखली.' पुढे त्यांचं पूर्ण नावही लिहिलं. त्याआधी मला ते माहीत नव्हतं, विचारायला ढिगाऱ्यावर जावं लागलं.

अहवाल दोन वर्षांनी छापून आला. त्या थराला एकच ओळ आहे, आणि ती सरांची आहे.