आईला आवडलेला सिनेमा

हे मी कोणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, कमलमावशीजवळ तर नाहीच. गोष्ट एवढीशी आहे की सांगायला घेतली तर लोक म्हणतील — एवढंच? हो, एवढंच. पण मग ती माझ्या मनातून जात का नाही?

बाबा रेल्वेत होते. लग्न होऊन आई गुढियारी मोहल्ल्यातल्या घरात आली तेव्हा दोघं एका हिरोचे सगळे सिनेमे टॉकीजमध्ये जाऊन बघायची. बाबा गेले, आणि आईचं टॉकीजला जाणं थांबलं. तिने तसं ठरवलं होतं असं नाही — कोणी विचारलंच नाही.

मग तोच हिरो पुष्कळ वर्षांनी परत येणार म्हणून गाजावाजा सुरू झाला. चौकाचौकात पोस्टर, मोबाइल उघडला की तेच. मी तर वेडी झाले होते. आई आमच्याकडेच राहते; तिला म्हटलं, "चल, पहिल्याच दिवशी जाऊ." ती नाही-नाही म्हणाली, आणि त्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसली. ठेवणीतली साडी नेसून.

सिनेमा वाईट होता. खरंच वाईट. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, नुसती मारामारी. इतके महिने वाट बघून हे? मला फसवल्यासारखं झालं. आणि तो राग मी — कुठे काढला?

स्कूटीवर. आई मागे बसलेली. मॉलपासून घरापर्यंत मी त्या माणसाची खिल्ली उडवत राहिले. त्याचा विग, त्याचं सुटलेलं पोट, मुलीच्या वयाच्या हिरोइनमागे धावणं. "गुडघ्याला पट्टा लागत असेल आता, आणि उड्या मारून राहिला!" बोलता बोलता मला आणखीच चेव आला. म्हटलं, "हा सिनेमा ज्याला आवडेल ना, त्याचं डोकं तपासून घ्यायला पाहिजे."

मागून आवाज आला, "हव रंजू. म्हातारा झाला तो."

दुसऱ्या दिवशी मी कपडे आणायला गच्चीवर चालले होते. आई वर फोनवर बोलत होती, कमलमावशीशी. आवाज असा की मी जिन्यातच थांबले. असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. कधीच.

"काय सांगू व तुले, कमल! तो चालत आला न, तर मले वाटलं हे बाजूलेच बसून आहेत. मी त बाई रडली. खूप रडली. रंजूले दिसू नाही देलं."

माझ्या चपलेचा आवाज झाला असावा. तिने वळून पाहिलं. आणि त्याच दमात, फोनमध्ये — "नाही व, काही खास नव्हता. उगाच गेलो." आवाजही बदलला. रोजचा झाला.

मी काय केलं? दोरीवरचे कपडे काढले. काही ऐकलंच नाही असं दाखवून खाली आले.

तेव्हा बोलता आलं असतं. आई, मला सांग ना, बाबा कुठे बसायचे, काय म्हणायचे. मला ते ऐकायचं होतं — आजही ऐकायचं आहे, इतकं की कधी कधी जिना चढताना पाय आपोआप सावकाश पडतात. पण विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी ऐकलं. आणि स्कूटीवर मी काय बोलले, तेही.

आता आई कशालाच आधी चांगलं म्हणत नाही. साडी असो, सिरियल असो, शेजारणीने दिलेली भाजी असो — आधी माझ्या तोंडाकडे बघते. "तुले कशी वाटली?"

मागच्या आठवड्यात मी ऑफिसमधून लवकर आले. आई टीव्हीसमोर होती. आवाज अगदी बारीक, तोच सिनेमा, तो हिरो पडद्यावर चालत येतो तोच भाग. मला बघून तिने घाईघाईने रिमोट शोधला. "काही नाही व, असंच लावलं होतं."

तिच्या बाजूला जागा होती. बसायचं होतं, बस्स. राहू दे आई, म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "चहा ठेवते."

स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा बाहेरून बातम्यांचा आवाज येत होता.