लोखंडी बगळा

आमच्या ह्यांचा उजवा हात लकव्यानं गेला, त्याला दीड वर्ष झालं. बेंबळीत रस्त्याच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि माणूसही बंद पडला. दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडायचं, विचारलं तर नुसतं 'हं' म्हणायचं. त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, जेवण, सगळं माझ्यावर. मी थकले होते. नवरा-बायकोच्या प्रेमाच्या गोष्टी तेव्हा कुणी सांगितल्या असत्या तर मी उठून गेले असते.

अंगणात जास्वंदीजवळ त्यांनी केलेला लोखंडी बगळा उभा होता. नांगराच्या फाळाची पाठ, सायकलच्या साखळीची मान, सळईचे पाय. लग्नानंतर पहिल्या वर्षी, दुकानात गिऱ्हाईक नसलं की बसून केलेला. दर वर्षी ते त्याला रंग द्यायचे. आजारपणात ते राहिलं आणि बगळा पार गंजला. एके दिवशी दारात भंगारवाला आला, तशी बाजेवरून जड जिभेनं हाक आली, "दिऊन टाक त्यो बगळा."

दुकानातला वाकडा खिळासुद्धा जपून ठेवणारा माणूस आपल्या हातचं काम भंगारात घालायला निघाला होता. मला भीती वाटली. बगळ्यामागून हेही जाणार, असं मनानं घेतलं. भंगारवाल्याला वाटेला लावलं आणि पदर खोचला.

घासायचं म्हटलं की मला चिंचच ठाऊक. दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी घासते तसा बगळा चिंचेनं घासला, वर दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी तो असा लख्ख दिसत होता की माझं मलाच कौतुक वाटलं. सकाळी बघते तर चोचीपासून पायापर्यंत नवा नारिंगी गंज! मी तिथंच ओल्या मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. रडणं बगळ्याचं नव्हतं, दीड वर्षाचं होतं.

"चिंच लावलीस व्हय?"

त्यांचं तोंड अंगणाकडं होतं. "येडे, लोखंड हाय ते, देवघरातला तांब्या न्हाय. कोरडं घास. पॉलिश पेपर घी, मग रॉकेलचं फडकं मार, मग रेड ऑक्साइडचा रंग दे."

"मग घासा की तुम्हीच!" मी ओरडले. "मला बी दोनच हात हायेत."

मला ओरडल्याचं वाईट वाटलं नाही. बगळा ओढत बाजेपाशी नेला आणि पॉलिश पेपर त्यांच्या डाव्या हातात कोंबला. त्या हाताला कामाची सवय नव्हती. पाचसात मिनिटं त्यांनी एका पायाची वीतभर सळई घासली, मग पेपर खाली पडला. "झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. बाकीचं मी तीन दिवस घासत होते. खांदे भरून आले.

रंग द्यायच्या आधी मी त्यांनी घासलेला पाय पाहिला. जोडापाशी, सळईच्या खाचांत गंज तसाच होता. खाली गंज राहिला की वरचा रंग टिकत नाही, इतकं वेल्डरच्या बायकोला कळतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण हे जागे होते आणि माझ्या हाताकडं बघत होते.

मी त्या पायावर तसाच रंग ओढला. पुढच्या पावसाळ्यात आधी तिथंच फुगेल. मग पुन्हा पेपर त्यांच्याच हातात देईन.